पंपिंग ३० टक्के असलेल्या वडिलांची घरी काळजी: व्हिडिओ कॉल कितपत पुरतो?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती आहे त्यांनाही उत्तराचा उपयोग होईल. वडील ६७ वर्षांचे. गेल्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेला, आता पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला रक्त बाहेर ढकलण्याची हृदयाची ताकद, ३० टक्के आहे. फुप्फुसात पाणी झालं म्हणून पुण्यात आठ दिवस ॲडमिट होते, आज डिस्चार्ज मिळून पाटण तालुक्यातल्या गावी पोहोचले. घरी आई, भाऊ आणि वहिनी, तुम्ही बेंगळुरूला. हॉस्पिटलने सांगितलंय की पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर दाखवा, एवढ्या लांब यायची गरज नाही. हे पुरेसं आहे का, घरी कोणती यंत्रं घेऊन ठेवावीत आणि ईसीजी दाखवणारं घड्याळ घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिशियन आहे. कऱ्हाड-पाटण पट्ट्यात २४ वर्षं काम करतोय. कोरोनाच्या लॉकडाउनपासून हृदय कमजोर असलेल्या पेशंटांचा बराचसा पाठपुरावा फोनवरून करतो, त्यामुळे त्यातलं काय चालतं आणि काय फसतं हे दोन्ही जवळून पाहिलंय.

थेट उत्तर देतो. पहिली तपासणी व्हिडिओवर नको. सात ते दहा दिवसांत वडिलांना प्रत्यक्ष एखाद्या फिजिशियनला दाखवा. पुण्याला न्यायची गरज नाही, कऱ्हाड चालेल. त्याच दिवशी रक्त तपासा. त्यानंतरचा पाठपुरावा फोनवरून उत्तम होऊ शकतो. घड्याळ घेऊ नका, वजनकाटा घ्या. आणि काटा घेण्याच्याही आधी एक गोष्ट ठरवा: रोज सकाळी घरून जाणारा आकडा त्या टोकाला नक्की कोण वाचणार आहे, आणि वाचून काय करणार आहे. माझ्या अनुभवात सगळं यशापयश या एका प्रश्नावर ठरतं.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत १६५३ पेशंटांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. पेशंटने रोज एका नंबरवर फोन करायचा, रेकॉर्ड केलेला आवाज वजन विचारायचा, त्रास विचारायचा, पेशंटने बटणं दाबून उत्तरं द्यायची. दवाखान्यातली माणसं ती उत्तरं नंतर बघायची. सहा महिन्यांनी हिशेब केला तर पुन्हा ॲडमिट होण्यात किंवा मृत्यूंमध्ये काहीही फरक नव्हता. शिवाय बऱ्याच पेशंटांनी मधेच फोन करणं सोडून दिलं होतं. मशीनशी बोलायचा कंटाळा कोणालाही येईल.

नंतर जर्मनीत बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने दुसरा अभ्यास केला. पेशंट १५७१, निकाल २०१८ मध्ये आला. इथेही घरून रोज वजन, बीपी, ऑक्सिजन आणि ईसीजी जात होता. फरक असा होता की त्या टोकाला डॉक्टर आणि नर्स २४ तास बसलेले होते. आकडा बिघडला की ते त्याच दिवशी पेशंटला फोन करायचे, गोळी बदलायचे, गरज पडली तर जवळच्या डॉक्टरशी बोलायचे. या गटात मृत्यू कमी झाले. आणि अचानक ॲडमिट झाल्याने किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला सरासरी २४ होते, ते १८ वर आले. दोन्हीकडे आकडे रोज जात होते. पण दुसरीकडे त्या आकड्याला त्याच दिवशी उत्तर मिळत होतं.

म्हणून तुम्ही पुण्याच्या हॉस्पिटलला फोन करून हे स्पष्ट विचारा. रोजचं वजन आम्ही कुठे पाठवायचं? ते बघणारी व्यक्ती कोण, तिचं नाव काय? रविवारी आणि सणाच्या दिवशी कोण बघतं? वजन वाढलं तर लघवीची गोळी किती वाढवायची हे आधीच लिहून देता का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "वजन इतकं झालं तर ही गोळी तीन दिवस दोन वेळा, आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला कळवा" अशी डॉक्टरच्या सहीची चिठ्ठी घरात असेल, तर रात्री दहा वाजता नेटवर्क नसतानाही तुमचा भाऊ अडून राहणार नाही. अशी चिठ्ठी नसताना मात्र स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. किडनीवर ताण येतो, बीपी पडतं. चिठ्ठी मागायला संकोच वाटायचं कारण नाही. चांगला डॉक्टर आनंदाने देतो.

बऱ्याच घरांत आता फॅमिलीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि डॉक्टरलाही त्यातच घेतात. माझी विनंती आहे, असं करू नका. त्या ग्रुपवर सकाळी पंधरा जणांचे सुप्रभात येतात, त्यात वडिलांचं वजन बुडून जातं, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने पाहिलं असेल. मी माझ्या पेशंटांना एक साधा नियम घालून देतो. आठ वाजेपर्यंत आकडा यायला हवा. दहा वाजेपर्यंत माझ्या नर्सचं उत्तर जाईल. दहापर्यंत उत्तर आलं नाही तर मेसेज पोहोचला नाही असं समजून थेट फोन करायचा. आणि आठ वाजेपर्यंत आकडा आला नाही तर आम्ही फोन करतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं, काट्याचा सेल संपलेला, घरात लग्न. पण दोन वेळा असं झालं की आकडा आला नाही म्हणून फोन केला, तेव्हा पेशंट रात्रभर खाटेवर बसून होता आणि घरचे सकाळ व्हायची वाट बघत होते.

आता वजनाबद्दल, कारण तुमच्या वडिलांसाठी हेच सगळ्यात मोलाचं माप आहे. हृदय कमजोर झालं की किडनीला वाटतं शरीरात पाणी कमी पडतंय, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पायावर बोट दाबून खळगा पडेपर्यंत शरीरात दोन-चार लिटर साठून गेलेलं असतं. दम त्याच्याही नंतर लागतो. काटा मात्र ते काही दिवस आधी दाखवतो. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ म्हणजे पाणीच. तीन दिवसांत एवढी चरबी कोणाची वाढत नाही. प्रत्येक पेशंटमध्ये वजन वाढतंच असं नाही, काहींना वजन स्थिर असतानाही दम लागतो, म्हणून वजनाबरोबर त्रासही विचारायचा.

वजन घ्यायचं ते सकाळी उठल्यावर, शौच-लघवी झाल्यावर आणि चहाच्या आधी. रोज साधारण सारखेच कपडे. आणि काटा कडक, सपाट फरशीवर हवा. हे मी मुद्दाम सांगतोय. आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर अजून सारवलेली जमीन असते. त्या जमिनीवर किंवा चटईवर ठेवलेला डिजिटल काटा रोज वेगळं दाखवतो, एक-दीड किलोचा फरक सहज पडतो. एका आजींचं वजन दोन आठवडे खालीवर होत होतं, मी दोनदा औषध बदललं. शेवटी आमची आशाताई घरी गेली तेव्हा कळलं की काटा ओसरीवर, मातीच्या उंचवट्यावर ठेवलाय. दगडी पाट्यावर ठेवल्यावर आकडा स्थिर झाला. तुमच्या घरी शहाबादी फरशी असेल तर एका फरशीवर खडूने चौकोन आखून ठेवा, रोज काटा तिथेच.

लॉकडाउनमधली एक चूक सांगतो. एका पेशंटचा मुलगा रोज नेमाने बीपी पाठवायचा. १२०/८०, दुसऱ्या दिवशी १२०/८०, मग ११८/८०. मी निर्धास्त होतो. अकराव्या दिवशी पेशंट दम लागून कऱ्हाडला ॲडमिट झाला. मुलगा रडत म्हणाला, डॉक्टर, बाबा मोजू देत नव्हते आणि तुम्ही रागवाल म्हणून मी लिहून पाठवायचो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला मोजता येत नसेल तर "आज मोजलं नाही" असं लिहायची मोकळीक मी दिली नव्हती. त्या दिवसापासून आम्ही आकडा लिहून घेत नाही, काट्याचा फोटो मागतो. आणि पहिल्याच दिवशी सांगतो, राहिलं तर राहिलं म्हणून कळवा, कोणी रागावणार नाही.

बीपीचं यंत्र दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. पलंगावर मांडी घालून बसलेल्या माणसाचं बीपी नीट येत नाही. वडिलांची नाडी अनियमित असेल तर यंत्राचा आकडा दर वेळी बदलेल, म्हणून तीन वेळा घेऊन तिन्ही पाठवा.

बीपीबद्दल एक सावधगिरी. या आजारातल्या गोळ्यांनी बीपी मुद्दाम थोडं खाली ठेवलेलं असतं. वरचा आकडा ९८ किंवा १०० दिसला आणि माणूस चालतोय, बोलतोय, चक्कर नाही, तर ठीक आहे. पण घरचे घाबरतात, शेजारचे म्हणतात लो बीपी आहे, आणि मेटोप्रोलॉल किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनसारखी गोळी परस्पर बंद होते. ज्या गोळ्यांनी आयुष्य वाढतं त्याच बंद होतात. वरचा आकडा ९० च्या खाली गेला, किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तर लगेच फोन करा. नाहीतर गोळी चालू ठेवा.

ऑक्सिजन मोजायचं बोटाचं यंत्र कोरोनात घेतलेलं असेलच. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा नेलपेंट असेल तर ते चुकतं. आकडा स्थिर होईपर्यंत किमान अर्धा-एक मिनिट थांबा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, हे २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात स्पष्ट झालंय. म्हणून आकडा ९५ आहे पण वडिलांना धाप लागतेय, तर धापेवर विश्वास ठेवा.

घड्याळ नको म्हणालो त्याचं कारण असं. ते रोज चार्ज करावं लागतं, त्याला फोन आणि नेट लागतं, आणि ते जे सांगतं त्यातलं बहुतेक तुमच्या वडिलांच्या उपचारात काहीच बदलत नाही. उलट अधूनमधून धोक्याची सूचना देऊन आईला घाबरवतं. काटा, बीपीचं यंत्र आणि बोटाचं यंत्र मिळून चार-पाच हजारांत होतं. उरलेले पैसे रक्ताच्या तपासण्यांना आणि कऱ्हाडच्या गाडीभाड्याला ठेवा.

मग पहिली भेट प्रत्यक्षच का म्हणतोय? डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सगळ्यात धोक्याचे असतात. हॉस्पिटलात शिरेतून दिलेल्या औषधाने पाणी काढलेलं असतं, गोळ्या नवीन असतात, डोस अजून बसायचे असतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १०७८ पेशंट होते. निम्म्यांना नेहमीसारखी सेवा, निम्म्यांना पहिल्या दोन महिन्यांत लागोपाठ प्रत्यक्ष भेटी, दर भेटीत तपासणी, रक्त आणि गोळ्यांचे डोस भराभर पूर्ण मात्रेपर्यंत. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा याच आजारासाठी ॲडमिट होणं नेहमीच्या गटात २३ टक्के होतं, दुसऱ्या गटात १५ टक्के. भेटींची पहिलीच वेळ डिस्चार्जनंतर एका आठवड्यात होती. छातीत खालच्या बाजूला पाण्याचा आवाज येतोय का, हे व्हिडिओवर ऐकू येत नाही. आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळीने पोटॅशियम वाढलं तर ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी), सोडियम, पोटॅशियम एका आठवड्यात आणि मग महिन्याच्या आत पुन्हा तपासावं लागतं. रक्त पाटणला किंवा गावाजवळच्या लॅबमध्येही देता येईल, रिपोर्टचा फोटो पुण्याला पाठवता येईल. पण एकदा स्टेथोस्कोप छातीवर टेकला पाहिजे.

आता व्हिडिओ कॉल. बहुतेक कॉल असे होतात: डॉक्टर विचारतात "कसं वाटतंय?", पेशंट म्हणतो "बरं आहे", मुलगी पलीकडून म्हणते "नीट सांगा ना बाबा", आणि पाच मिनिटं संपतात. आपल्याकडची मागच्या पिढीतली माणसं डॉक्टरसमोर त्रास सांगत नाहीत, लेकीसमोर तर मुळीच नाही. त्यामुळे मी "कसं वाटतंय" विचारणं सोडून दिलंय. मी विचारतो, काल रात्री किती उशा घेतल्या? गेल्या आठवड्यात किती घेत होतात? रात्री उठून बसावं लागलं का? अंगणातून गोठ्यापर्यंत जाताना मधे थांबलात का? चपलेचा पट्टा घट्ट होतोय का? एका उशीच्या दोन झाल्या की मला कळतं. ताई, तुम्हीही रोज फोन करता तेव्हा हेच विचारा. "बरे आहात ना" याचं उत्तर कायम "हो" असंच येणार.

कॉलच्या वेळी वडिलांना खिडकीसमोर, उजेडाकडे तोंड करून बसवा; पाठीमागे दार नको, चेहरा काळा दिसतो. फोन कोणीतरी हातात धरायचा, कारण मला पाय बघायचे असतात. नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच सेकंद दाबून सोडायचं आणि खळगा पडतो का ते कॅमेऱ्याला दाखवायचं. अर्धवट आडवं झोपवून, मान किंचित डावीकडे वळवून मानेची शीर दाखवायची. श्वास मी स्वतः मोजतो, पोटावर कॅमेरा ठेवायला सांगतो, पूर्ण एक मिनिट, आणि त्या वेळी पेशंटशी कोणी बोलायचं नाही. मग त्यांना बोलतं करतो, पीकपाण्याचं विचारतो. एक वाक्य न थांबता पूर्ण करता येतंय का, हे मला त्यातून समजतं.

आणि दर कॉलला गोळ्यांची पिशवी उलटी करायला सांगतो. सगळ्या स्ट्रिप चटईवर, जुन्यासुद्धा. तीन वर्षांपूर्वी एका काकांची नाडी ४२ झाली होती, चक्कर येत होती. डिस्चार्ज कार्डावर सगळं बरोबर होतं. पिशवी उलटी केल्यावर दिसलं की मेटोप्रोलॉल दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू होती, एक हॉस्पिटलने दिलेली, एक आधीपासून गावातल्या मेडिकलमधून आणलेली. नावं वेगळी, रंग वेगळे, औषध एकच. फोनवर नुसतं "गोळ्या चालू आहेत ना?" विचारून हे कधीच कळलं नसतं. तुमच्या वडिलांच्या जुन्या गोळ्या घरात असतीलच. आजच भावाला सांगा, डिस्चार्ज कार्डावर नसलेली प्रत्येक स्ट्रिप वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि तिचा फोटो पुण्याला पाठवा. फेकून देऊ नका, डॉक्टरला दिसू द्या.

त्याच डब्यात गुडघेदुखीच्या गोळ्याही जातील. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्या जातीच्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात आणि किडनीला मारतात. शेतात राबलेल्या माणसाचे गुडघे दुखणारच, आणि मेडिकलवाला चांगुलपणाने दोन गोळ्या देणारच. हृदय कमजोर असलेल्या पेशंटच्या पुन्हा ॲडमिट होण्यामागे ही कारणं मी इतक्यांदा पाहिली आहेत की आता पहिल्याच भेटीत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो. दुखलं तर पॅरासिटॅमॉल, आणि तेही विचारून.

मीठ कमी म्हणजे नुसतं भाजीत कमी नाही. लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाण, सुकट, बेकरीची खारी, याच्यात मीठ भरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच ठेवा म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. पण बाजारात मिळणारं "लो सोडियम" मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि वडिलांच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं. रोज शहाळं देणंही त्याच कारणाने नको. जेवणात चव यावी म्हणून लिंबू, आमसूल, लसूण, जिरे, ओला मसाला वापरा. पाणी किती प्यायचं ते कार्डावर लिहिलं असेल. एक ठरलेली बाटली भरून ठेवली की मोजायला सोपं जातं, चहा आणि ताकही त्यातच धरायचं.

तुम्ही वारकरी घर म्हणालात, म्हणून एकादशीचंही सांगतो. वडील डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाची, हृदयासाठीही दिली जाणारी गोळी) घेत असतील आणि मधुमेह असेल, तर कडक उपवासात शरीरात आम्ल साठण्याचा धोका असतो. उपवास करूच नका असं मी एकदम म्हणत नाही, त्यांच्या मनाला ते लागतं. पण आदल्या दिवशी डॉक्टरला विचारा. उलट्या-जुलाब लागले तरी हेच: लघवीच्या गोळ्या आणि ही गोळी तशाच चालू न ठेवता त्याच दिवशी फोन. वजन भराभर घटणंही वाढण्याइतकंच कळवायचं असतं.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, "वहिनी सगळं बघते." मला त्या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं. घरी काळजी घेणं म्हणजे बहुतेक वेळा एका बाईने पहाटे उठून काटा काढणं, गोळ्या मोजणं, बिनमिठाचं वेगळं शिजवणं आणि सासऱ्यांची कुरकुर ऐकणं. पहिल्या कॉलवर डॉक्टरशी तिला बोलू द्या, भावाला नव्हे. सूचना थेट तिच्या कानावर पडू द्या, तिचे प्रश्न तिला विचारू द्या. आणि तुम्ही बेंगळुरूहून फोन कराल तेव्हा वजनाचा हिशेब मागण्याआधी तिची चौकशी करा. माझ्याकडे ज्या घरांत पाठपुरावा वर्षभर टिकला, त्या प्रत्येक घरात मोजणाऱ्या व्यक्तीला कोणीतरी मोलाची मानत होतं. शक्य असेल तर आठवड्यातले दोन दिवस भावाने मोजावं.

वडिलांच्या मनाकडेही बघा. इतका फिरता माणूस एकदम घरात बसला की उदास होतो, जेवण तोडतो, गोळी टाळतो. जर्मनीच्या त्या अभ्यासातही ठळक नैराश्य असलेले पेशंट आधीच वगळले होते. दोन आठवडे झोप नाही, कशात रस नाही, "माझं आता काय उरलंय" असं बोलणं येत असेल तर १४४१६ या टेली-मानस नंबरवर बोला. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

रेंजचं तुम्ही लिहिलंय की वरच्या अंगणातच येते. पाटण खोऱ्यातल्या बऱ्याच गावांत तसंच आहे. आकड्याचा साधा एसएमएस कमी रेंजवरही जातो, त्यामुळे रोजच्यासाठी व्हिडिओ लागतच नाही. व्हिडिओसाठी गावाजवळच्या उपकेंद्रात जाता येईल, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्या बीपी-वजन घेतात आणि केंद्र सरकारच्या ई-संजीवनीवरून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरशी कॉल जोडून देतात. त्या कॉलमध्ये पेशंटच्या शेजारी एक प्रशिक्षित माणूस बसलेला असतो, आणि घरून केलेल्या कॉलपेक्षा तो मला नेहमी जास्त भरवशाचा वाटतो. या आठवड्यातच भावाने तिथे जाऊन ओळख करून घ्यावी, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स देऊन ठेवावी.

नियमांचं थोडक्यात. दूरवरून सल्ला देण्याला आपल्याकडे २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीने स्पष्ट मान्यता दिली. ज्या डॉक्टरने वडिलांना सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलंय, ते त्याच आजारासाठी कॉलवर जास्त मोकळेपणाने औषध बदलू शकतात. अनोळखी डॉक्टरवर जास्त बंधनं आहेत. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. आणि "प्रत्यक्ष आणा" असं सांगण्याचा अधिकार डॉक्टरला कायम असतो. तसं सांगितलं तर टाळाटाळ समजू नका.

काही गोष्टींना फोनची वाट बघायची नाही. बसल्याजागी धाप, आडवं होता न येणं, गुलाबी फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, बेशुद्धी, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, दिवसभर लघवी जवळजवळ न होणं, ऑक्सिजन ९० च्या खाली. यातलं काहीही झालं की पहिला फोन १०८ ला, दुसरा डॉक्टरला, तुम्हाला तिसरा. व्हॉट्सॲपवर रात्री टाकलेला मेसेज डॉक्टर सकाळी बघतो. गाडी येईपर्यंत वडिलांना पाय खाली सोडून बसतं ठेवा, आडवं करू नका. पावसाळ्यात घाटरस्ता बंद होतो, तेव्हा कोणाची गाडी मिळेल आणि कोणत्या रस्त्याने जायचं हे भावाने आधीच ठरवून ठेवावं.

काटा अजून घेतला नसेल तर भावाला आज संध्याकाळी पाटणला पाठवा. डिस्चार्ज कार्डावरचं वजन हॉस्पिटलच्या काट्याचं आहे, घरचा काटा थोडं वेगळं दाखवेल, त्यामुळे त्या आकड्याशी तुलना करू नका. उद्या सकाळी चहाच्या आधी घेतलेलं वजन वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह मोठ्या अक्षरात लिहा. पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे आहेत. वही काट्याजवळच ठेवा, पेन्सिल दोऱ्याने बांधून.